जाहिरातीच्या तारखेवर मिळालेली पेन्शन: माझा 2024 चा सगळा अनुभव

आमच्या बॅचच्या ग्रुपवर आणि ड्युटीवर पण सारखं कोणी ना कोणी विचारतं की सिस्टर तुमचं जुन्या पेन्शनचं काम नेमकं कसं झालं, काय काय कागद लागले, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते. लांब झालंय, पण ज्यांची केस अजून कुठल्यातरी टेबलावर पडलीय त्यांना उपयोग होईल.

मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, म्हणजे कागदावर अधिपरिचारिका. आमच्या भरतीची जाहिरात ऑगस्ट 2005 मधे आली, डिसेंबरमधे परीक्षा झाली आणि मी रुजू झाले जून 2006 ला. मधेच 31 ऑक्टोबर 2005 चा तो जीआर आला, की 1 नोव्हेंबर 2005 पासून जो कोणी सरकारी नोकरीत लागेल त्याला 1982 चे पेन्शन नियम, म्हणजे जुनी पेन्शन नाही, जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) नाही, त्याच्याऐवजी डीसीपीएस, म्हणजे पगारातून कापून साठवायची अंशदान पेन्शन. खरं सांगते, तेव्हा मला यातलं काहीही कळलं नव्हतं. वय 26, नोकरी लागली हाच आनंद एवढा मोठा होता की पेन्शन कोणती याचा विचार कोण करतंय. बाबांनी मात्र विचारलं होतं. ते झेडपीच्या शाळेत मास्तर होते. ऑर्डर हातात घेऊन त्यांनी आधी पगार नाही वाचला, खालची अट वाचली आणि म्हणाले, "बाई, यात पेन्शन दिसत नाही गं." मी म्हटलं काहीतरी नवीन योजना आहे, होईल.

पहिली तीन वर्षं तर आमच्या पगारातून कपातच झाली नाही. कपात सुरू झाली 2009 च्या शेवटी, आणि मग मागचे हप्ते आणि चालू हप्ता दोन्ही एकदम कापायला लागले. पावती काही मिळायची नाही. विचारलं की उत्तर यायचं, मॅडम वरून हिशोब आला की देऊ. 2015 पासून डीसीपीएस गेलं आणि आम्हाला एनपीएसमधे, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत टाकलं, प्रान नंबर (त्या खात्याचा नंबर) आला, तेव्हा कुठे ऑनलाइन काहीतरी आकडा दिसायला लागला. 2019 पासून सरकारचा हिस्सा 10 टक्क्यांवरून 14 टक्के झाला, आमचा 10 चा 10 च राहिला. आकडा वाढत होता हे खरं आहे, ते मी नाकारत नाही.

पण आकडा वाढणं वेगळं आणि म्हातारपणी दर महिन्याला किती हातात येणार हे माहीत असणं वेगळं. हे मला नीट समजलं ते आमच्या वॉर्डातल्या एका मामांमुळे. वर्ग चारचे, 2007 ला उशिरा लागलेले, 2022 ला साठाव्या वर्षी रिटायर झाले. एनपीएसचा नियम असा की रिटायर होताना 60 टक्के पैसे हातात घेता येतात आणि निदान 40 टक्क्यांची विमा कंपनीकडून ॲन्युइटी (एकदम पैसे भरून दरमहा ठरलेली रक्कम) घ्यावीच लागते, त्या ॲन्युइटीचं जे येईल ती तुमची पेन्शन. मामांचे सगळे मिळून अकरा लाख झाले होते. हातात आले त्यातून मुलीचं लग्न आणि घराचा स्लॅब झाला, आणि पेन्शन बसली महिन्याला दोन हजार दोनशे रुपये. त्यावर महागाई भत्ता नाही, कधीही वाढ नाही, आज दोन हजार दोनशे तर ते ऐंशी वर्षांचे होतील तेव्हाही तेवढेच. मामा एकदा बीपी तपासायला आले तेव्हा म्हणाले सिस्टर, गोळ्यांचे भागतात. एवढंच म्हणाले.

आणि घरी मी उलटं चित्र बघत होते. बाबा 2011 ला गेले. आईला तेव्हापासून फॅमिली पेन्शन आहे. रक्कम फार मोठी नाही पण महागाई भत्ता वाढला की तिची वाढते, आयोग आला की वाढते, आणि तिला त्यासाठी एकच काम करावं लागतं, दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा. तिने आजपर्यंत माझ्याकडे किंवा भावाकडे औषधाला पैसे मागितलेले नाहीत. सासरे साखर कारखान्यातून रिटायर झालेले, त्यांना ईपीएस 95 ची, म्हणजे पीएफवाली पेन्शन, तिथे किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपये आहे आणि त्यांना त्याच्या थोडीशीच वर मिळते. एकाच घरात तीन तऱ्हेची म्हातारपणं मी रोज बघते, त्यामुळे पेन्शन हा विषय माझ्यासाठी भाषणाचा नाही.

डिसेंबर 2022 ला नागपूर अधिवेशनावर मोर्चा निघाला त्यात मी गेले होते. त्याच अधिवेशनात फडणवीस साहेबांनी सभागृहात सांगितलं होतं की जुनी पेन्शन दिली तर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. ते ऐकून खूप जणांचा धीर सुटला. मग 14 मार्च 2023 चा संप. "एकच मिशन, जुनी पेन्शन" ही घोषणा तेव्हा गल्लोगल्ली ऐकू येत होती. आम्ही लेबर रूम आणि आयसीयू सोडलं नव्हतं, तिथे आळीपाळीने माणसं ठेवली होती, बाकीच्या गेटवर बसलो होतो, आणि नातेवाईक येऊन बोलायचे की तुम्हाला एवढा पगार असताना अजून काय पाहिजे. त्यांचा राग मला कळत होता. शेतकऱ्याला कुठे पेन्शन आहे, मजुराला कुठे आहे. पण मला वाटतं की एकाला नाही म्हणून दुसऱ्याचीही काढून घ्या हा त्यावरचा उपाय नाही. सात दिवसांनी, 20 मार्चला संप मागे घेतला. समिती नेमली होती तीन निवृत्त अधिकाऱ्यांची. आणि 31 मार्चला एनपीएसवाल्यांच्या कुटुंबाला फॅमिली पेन्शन आणि ग्रॅच्युइटी लागू करणारा जीआर निघाला. हे किती मोठं होतं हे बाहेरच्यांना कळणार नाही. आमच्यातला एक फार्मासिस्ट 2021 ला कोविडमधे गेला, चाळीसचाही नव्हता, आणि तोपर्यंत जुन्या नियमांसारखी फॅमिली पेन्शन आम्हाला नव्हतीच.

आता मुद्द्यावर येते. केंद्राने 3 मार्च 2023 ला आपल्या कर्मचाऱ्यांसाठी असा निर्णय घेतला की ज्यांच्या पदाची जाहिरात एनपीएसची अधिसूचना निघायच्या आधी, म्हणजे 22 डिसेंबर 2003 च्या आधी आली होती, पण रुजू नंतर झाले, त्यांना एकदा जुन्या पेन्शनचा पर्याय द्यायचा. त्याच धर्तीवर आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने 4 जानेवारी 2024 ला निर्णय घेतला, तेव्हा बातम्यांमधे आकडा होता साधारण 26 हजार कर्मचाऱ्यांचा, आणि 2 फेब्रुवारी 2024 ला जीआर आला. जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची, रुजू त्यानंतर. सहा महिन्यांत आपण पर्याय निवडून द्यायचा, एकदा दिला की बदलायचा नाही, नाही दिला तर आपोआप एनपीएस चालू. मी नाइटवर होते, पहाटे साडेचारला मोबाईलवर तो जीआर वाचला, तीनदा वाचला, आणि आधी आठवलं ते बाबांचं वाक्य.

पण माझ्यासोबत त्या रात्री ड्युटीवर माझी मैत्रीण होती, तिला इथे ताई म्हणते, वयाने मोठी आहे. ती माझ्यानंतर फक्त पाच महिन्यांनी लागलेली. तोच वॉर्ड, तेच पेशंट, कोविडमधे तेच पीपीई किट. तिची जाहिरात डिसेंबर 2005 ची. तिने माझ्या हातातला मोबाईल घेतला, वाचला आणि म्हणाली, तुझं झालं गं. आणि सलाईन बघायला उठून गेली.

घरी वेगळाच प्रश्न निघाला. माझ्या एनपीएस खात्यात तेव्हा साधारण 28 लाख होते. जुन्या पेन्शनमधे गेलं की माझ्या हिश्शाचे पैसे वाढीसकट जीपीएफ खात्यात येणार, ते साधारण 13 लाख, आणि सरकारच्या हिश्शाचे वाढीसकट सरकारकडे परत जाणार. मिस्टर प्रायव्हेटमधे आहेत, ते म्हणाले पंधरा लाख हातचे सोडायचे? आणि पुढे तेरा वर्षांत ते किती झाले असते? हा प्रश्न चुकीचा नाही, ज्यांनी कोणी पर्याय दिला त्या प्रत्येकाच्या घरी हा झालाच असेल. आम्ही रविवारी वही घेऊन बसलो. माझा बेसिक तेव्हा 60,400. आजच रिटायर झाले असं धरलं तरी निम्मी पेन्शन 30,200, त्यावर महागाई भत्ता, शिवाय ग्रॅच्युइटी, शिवाय पेन्शनच्या 40 टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण करून एकरकमी घेता येतं आणि पंधरा वर्षांनी तो भाग परत पूर्ववत होतो, माझ्यानंतर फॅमिली पेन्शन. दुसऱ्या बाजूला 28 लाखांच्या 40 टक्क्यांवर, म्हणजे 11 लाख 20 हजारांवर ॲन्युइटी, ती सहा टक्क्यांनी धरली तर महिन्याला साडेपाच हजारांच्या आसपास, उरलेले 17 लाख आपण सांभाळायचे आणि ते पुरवायचे. आणि किती वर्षं पुरवायचे हे कोणालाच माहीत नाही. आई आज 74 ची आहे, आजी 91 ला गेली. मिस्टर बराच वेळ वही बघत बसले, मग म्हणाले, भर फॉर्म.

फॉर्म सोपा होता, एका पानाचा. अवघड होते सोबतचे कागद. जाहिरातीची प्रत, निवड यादी, नियुक्तीचा आदेश, रुजू अहवाल, सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची प्रत, प्रान कार्ड. माझ्याकडे ऑर्डर आणि रुजू अहवाल होते, बाकी काही नाही. जाहिरातीची प्रत तर कोणाकडेच नव्हती! ऑफिसमधे विचारलं तर ऑफिस मधल्या काळात दोनदा हललं होतं, एकदा रेकॉर्ड रूममधे पाणी शिरलं होतं, आस्थापनेचे बाबू म्हणाले सिस्टर 2005 ची भरतीची फाईल सापडत नाही, तुम्हीच कुठून तरी मिळवा. माझी पात्रता ज्या एका कागदावर ठरणार होती तो कागद सांभाळायची जबाबदारी कोणाची होती, आणि तो शोधायला कोण फिरतंय, याचा मला तेव्हा फार राग आला, अजूनही आहे. कारण आमच्यातल्या दोघींनी फक्त या कारणाने जुलैपर्यंत फॉर्मच भरला नव्हता.

मग मला सुचलं ते वाचनालय. जिल्ह्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे पेपरच्या महिन्यामहिन्याच्या फाईली बांधून ठेवतात. ग्रंथपाल काकांना सांगितलं काय पाहिजे, त्यांनी ऑगस्ट 2005 चा गठ्ठा काढून दिला. तारीख नक्की आठवत नव्हती म्हणून एक तारखेपासून एकेक पान उलटत गेले, कागद पिवळा पडलेला, कडा तुटत होत्या, जुलै 2005 च्या त्या मोठ्या पावसाच्या बातम्या अजून चालू होत्या त्यात. तिसऱ्या आठवड्यात आतल्या पानावर खालच्या कोपऱ्यात सापडली, चार बोटं रुंदीची जाहिरात, पदाचं नाव, जागा, शेवटची तारीख. फोटो काढला, झेरॉक्स काढली, काकांकडून पेपरचं नाव आणि दिनांक लिहून शिक्का घेतला. लगेच ग्रुपवर टाकली. त्या एका झेरॉक्सवर आमच्या भरतीतल्या अकरा जणींचे फॉर्म गेले.

आता ज्यांना उपयोगी पडेल ते नीट सांगते. फॉर्म दिला की पोच घ्या, आवक नंबर आणि तारखेसकट. माझा फॉर्म पहिल्यांदा दिला तो टेबलावरून हरवला, पोच होती म्हणून दुसऱ्यांदा दिला तेव्हा तारीख पहिलीच धरली गेली. नियुक्ती अधिकाऱ्याने कागद तपासून आदेश काढायचा असतो, त्याला दोन महिने सांगितले होते, मला पाच लागले. मधे एक शंका आली, निवड यादीत माझं माहेरचं नाव, प्रान कार्डावर सासरचं. राजपत्रातला नाव बदल आणि लग्नाचा दाखला जोडला तेव्हा ती सुटली. बायकांच्या केसमधे हे होणारच, आधीच जोडून टाका, वाट बघू नका.

आदेश हातात आला आणि मला वाटलं झालं, पण खरं काम पुढेच होतं. जीपीएफचं खातं उघडायचं, त्याचा नंबर महालेखापालांकडून येतो. एनपीएसचं खातं बंद करायचं, त्यासाठी आधी त्यातला हिशोब पूर्ण पाहिजे. आणि तिथे निघालं की माझ्या डीसीपीएसच्या काळातले चौदा महिने जमाच नाहीत. पगारातून कापलेत, पगारपत्रकावर दिसतंय, पण खात्यात नाहीत. असं कितीतरी जणांचं आहे. हे शोधायचं कसं, तर त्या त्या महिन्याच्या पगारबिलाचा कोषागारातला प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक आणि दिनांक काढायचा, कपातीचं शेड्यूल जोडायचं, की या बिलातून एवढे कापले होते. 2010 ची बिलं. मी आठ सुट्ट्या टाकल्या यासाठी. कोषागारात एक तरुण लेखा लिपिक होता, त्याने मला जुनं रजिस्टर काढून दिलं, शेजारी खुर्ची दिली, म्हणाला ताई तुम्ही बोट ठेवून बघत जा, मी लिहून घेतो. चौदापैकी अकरा महिन्यांचे नंबर आम्ही दोघांनी मिळून काढले. तो स्वतः 2018 ला लागलेला, एनपीएसवाला. स्वतःला न मिळणाऱ्या पेन्शनसाठी त्याने माझ्याकरता दोन दुपारी दिल्या हे मी विसरणार नाही.

सेवापुस्तक मात्र सगळ्यांनी आत्ताच बघून घ्या, तुमची योजना कोणतीही असो. माझ्यात 2012 ची एक वेतनवाढ नोंदवलेलीच नव्हती आणि सातव्या आयोगाची वेतननिश्चिती वेतन पडताळणी पथकाकडे गेलीच नव्हती. रिटायर व्हायच्या सहा महिने आधी हे निघालं तर माणूस पेन्शनशिवाय बसतो. दुय्यम प्रत स्वतःकडे ठेवा आणि दरवर्षी नोंदी करून घ्या.

आता लोक म्हणतात, तुझं झालं, तू निश्चिंत. तसं नाहीये. या सगळ्या धावपळीत मी बरंच वाचलं, आणि मला कळलं की जुन्या पेन्शनचा कुठे साठवलेला फंड नसतो, ती दरवर्षीच्या बजेटमधून दिली जाते. मी 2037 ला रिटायर होणार, म्हणजे 2037 चं आणि पुढचं 2055 चंही सरकार मला देणार की नाही यावर ती आहे. हिमाचलने 2023 ला जुनी पेन्शन परत आणली, आणि सप्टेंबर 2024 ला तिथे पगार 5 तारखेला आणि पेन्शन 10 तारखेला झाली, कारण तिजोरीत ओढाताण होती. नऊ-दहा दिवस उशीर म्हणजे काही नाही असं ज्याला वाटतं त्याने पेन्शनवर जगणाऱ्या बाईचं दूधवाल्याचं बिल बघावं. म्हणून तिजोरीची काळजी करणारे सगळे आपले दुश्मन आहेत असं मी आता म्हणत नाही. मला पेन्शनही पाहिजे आणि ती देऊ शकणारं राज्यही पाहिजे.

दुसरं म्हणजे कायदा. 17 डिसेंबर 1982 ला सुप्रीम कोर्टाने नकारा केसमधे सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहरबानी नाही, ती केलेल्या नोकरीची कमाई आहे, आणि कोण कोणत्या तारखेला रिटायर झाला यावरून पेन्शनधारकांत मनमानी भेद करता येणार नाही. त्या घटनापीठावर सरन्यायाधीश आपले यशवंतराव चंद्रचूड होते. दर 17 डिसेंबरला पेन्शनर्स डे साजरा होतो तो त्यामुळेच. आणि 2025 च्या फायनान्स ॲक्टमधे केंद्राने आपल्या पेन्शनधारकांमधे निवृत्तीच्या तारखेप्रमाणे फरक करण्याचा अधिकार कायद्यातच लिहून घेतला. तो केंद्राच्या लोकांसाठी आहे, आपल्याला लगेच लागू नाही, पण बाबांच्या पिढीने जे पक्कं धरलं होतं ते इतक्या शांतपणे हलवता येतं हे बघून मला धास्ती वाटली.

ताईचं काय झालं ते सांगायचं राहिलं. 24 ऑगस्ट 2024 ला केंद्राने यूपीएस, म्हणजे एकत्रित पेन्शन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या मंत्रिमंडळाने ती राज्यासाठी मान्य केली. केंद्राच्या योजनेत 25 वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मी पेन्शन, दहा वर्षं झाली तर किमान 10,000, मागे राहणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला 60 टक्के, महागाई सवलत आहे. मामांच्या दोन हजार दोनशेपेक्षा हे कितीतरी बरं, तेवढं श्रेय संप केलेल्या प्रत्येकाचं आहे. पण पगारातली 10 टक्के कपात चालूच राहते, आणि वाढत गेलेला फंड पूर्ण जागेवर ठेवला तरच पूर्ण पेन्शन. ताई 2006 च्या नोव्हेंबरची, वय जास्त, अठ्ठावन्नला रिटायर होताना तिची नोकरी 24 वर्षं आणि काही महिनेच होते. पंचविसाला थोडीशी कमी. पहिली तीन वर्षं कपात झाली नाही ती धरणार की नाही हाही प्रश्न आहेच. माझ्या वेळेस ती माझ्यासोबत वाचनालयात आली होती, पानं उलटायला, तिचा त्यात काही फायदा नसताना. आता तिच्या हिशोबाच्या वहीत मी बसते.

माझे जीपीएफचे पैसे मार्च 2025 ला जमा झाले, 7.1 टक्के व्याजदर आहे सध्या. चौदातले तीन महिने अजून सापडलेले नाहीत, त्यांचे प्रमाणक दुसऱ्या एका उपकोषागारात असावेत असं त्या लेखा लिपिकाने सांगितलंय, पुढच्या महिन्यात एक सुट्टी टाकून तिथे जाणार आहे. ताईचे नऊ महिने गहाळ आहेत, तिची यादी पण घेऊन जाणार आहे.